आधी बंद होणारं दार

पहाटे ४.४५

मैदानावर पोचते तेव्हा अंधारच असतो. डिसेंबरअखेरची थंडी, दवानं ओलं झालेलं गवत आणि बाहेरच्या रस्त्यानं कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या बैलगाड्या. कोपरगाव तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवते, पण माझा दिवस सुरू होतो तो भरतीच्या ग्राउंडवर. सराव घेणारे सर वेगळे आहेत. मी मुलींच्या गटाबरोबर असते, कारण मैदानावर कुणी बाईमाणूस आहे म्हटल्यावरच घरचे लोक मुलींना एवढ्या पहाटे बाहेर सोडतात. माझ्याकडे स्टॉपवॉच आणि वही.

पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण आणि लेखीला १०० गुण. मुलींना ८०० मीटर धावणं २० गुणांचं, १०० मीटर १५ गुणांचं आणि चार किलोचा गोळा १५ गुणांचा. आठशे मीटर दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत संपवलं तर वीसपैकी वीस. गोळा सहा मीटर गेला की पंधरापैकी पंधरा. नुसतं ‘दोन पन्नास’ म्हटलं तरी इथल्या पोरींच्या पोटात गोळा येतो. जिल्ह्याची भरती नगरला पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर होते. इथून शंभरेक किलोमीटर, तेही नगर-मनमाड रस्त्यानं. २०२४ मध्ये चाचण्या १९ जूनला सुरू झाल्या, ऐन पावसाच्या तोंडावर. राज्यात जागा होत्या १७,४७१ आणि अर्ज सतरा लाखांच्या वर. एका जागेमागं शंभर जण. हा हिशेब पोरींना तोंडपाठ असतो, तरी त्या पहाटे येतात.

आज एकीचं टायमिंग तीन मिनिटं दोन सेकंद आलं. बारावी सायन्सची मुलगी, सतरा वर्षांची, काकडी गावाच्या बाजूच्या वस्तीवरची. महिन्याभरापूर्वी तिला सव्वातीन मिनिटं लागत होती. धाप लागलेली असतानाच ती जवळ आली.

“मॅडम, आज शेवटची तारीख आहे.”

“माहितीये बाळा. सहापर्यंत वेळ आहे. पप्पा काय म्हणतात?”

“दुपारी कॉलेजात येतो म्हणालेत. तुमच्याशी बोलायला.”

ती पुन्हा गोळ्याच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तारीख होती एनडीएच्या अर्जाची. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत हवाई दलाच्या उड्डाण शाखेसाठी तिला अर्ज भरायचा आहे. घरी मात्र दोन वेगळ्याच गोष्टी ठरत आहेत, आणि त्या दोन्ही मला पटलेल्या नाहीत.

सकाळी ७.१५

घरी आले तेव्हा यजमान रात्रपाळी संपवून नुकतेच टेकले होते. ते पोलीस हवालदार आहेत. वर्दी खुंटीवर, बूट दाराशी, आणि चहा पुढ्यात येईपर्यंत डोळे मिटलेले. माझ्या ग्राउंडवरच्या पोरींना पोलीस म्हटलं की डोळ्यांपुढे संचलन दिसतं. मला हे दिसतं.

बाहेरच्या माणसाला पोलिसाचा दिनक्रम ठाऊक नसतो म्हणून सांगते. समन्स बजावणं, आरोपीला कोर्टात हजर करणं, अपघाताचा पंचनामा, रात्रीची गस्त. त्यावर हा शिर्डीचा जिल्हा. रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि दसऱ्याची पुण्यतिथी या दिवसांत बंदोबस्त लागतो तेव्हा घरच्या सणाचा प्रश्नच येत नाही. शनिशिंगणापूरला शनिअमावस्या असते, पाथर्डी तालुक्यात मढीची यात्रा असते. महिला अंमलदारांची ड्युटी बारा तासांवरून आठ तासांवर आणण्याचा आदेश २०२२ च्या जानेवारीत पोलीस महासंचालकांनी काढला. फार चांगली गोष्ट झाली. पण बंदोबस्त म्हटला की घड्याळ कुठंही मागंच पडतं, आणि हे माहीत असूनच या नोकरीत यावं.

पगाराचंही स्पष्ट सांगते. शिपायाची वेतनश्रेणी २१,७०० ते ६९,१००, वर भत्ते. ज्या घरात सोयाबीन आणि कांद्याच्या भावावर वर्ष ठरतं, तिथं महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या या रकमेनं काय काय होतं, ते मी माझ्याच घरात पाहिलंय. सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कुणापुढं हात न पसरता झालं. ‘पोलीस काय, विमान काय, पोरीला जे आवडेल ते करू द्या’ असं शहरातली माणसं सहज म्हणतात, तेव्हा म्हणूनच मला राग येतो. आवड महत्त्वाची आहेच. पण हातात काहीच आलं नाही तर भुर्दंड कोण सोसणार, हेही आमच्याकडे त्याच दमात विचारावं लागतं.

सकाळी १०.४०

बारावीची उजळणी चालू आहे, बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत. आज पहिल्या धड्यातली वर्तुळाकार गती. वळणावर रस्त्याची बाहेरची कड उंच का ठेवतात, ते फळ्यावर काढलं. मग तीच आकृती थोडी बदलून विमानाची काढली. वळताना विमान एका अंगावर कलतं, कारण पंखांवरच्या उचल बलाचा एक घटक त्याला वळणाच्या केंद्राकडे ओढतो. कललं की उभा घटक कमी पडतो, म्हणून वैमानिकाला नाक किंचित वर घ्यावं लागतं. ही आकृती काढली की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा माना वर करतात. इथं रोज डोक्यावरून विमान जातं.

शिर्डीचा विमानतळ शिर्डीत नाही, आमच्या कोपरगाव तालुक्यात काकडीला आहे. १ ऑक्टोबर २०१७ ला राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं, तेव्हा धावपट्टी अडीच हजार मीटरची होती. त्या वेळी तिसरी-चौथीत असलेली पोरं आज माझ्यापुढे बारावीत बसली आहेत. त्यांच्या आधीच्या पिढीला विमान म्हणजे आभाळातली पांढरी रेघ. या पोरांनी चाकं बाहेर आलेलं विमान पाहिलंय, उतरताना त्याचा आवाज कसा बदलतो ते ऐकलंय. २०१९ च्या नोव्हेंबरात दृश्यमानता खराब म्हणून कित्येक दिवस इथं विमानं उतरली नव्हती. ते मी वर्गात नेहमी सांगते, म्हणजे दव, धुकं, तापमान या गोष्टी पुस्तकातून उठून त्यांच्या रानात येतात. वैमानिकाच्या परवान्याला हवामानशास्त्राचा स्वतंत्र पेपर असतो, हेही त्यातच सांगून होतं.

वर्गात आज तेवीस जण होते. शेजारच्या कला शाखेच्या वर्गात बसायला जागा नव्हती. त्यातल्या निम्म्या पोरांना विज्ञान झेपलं असतं. दहावीनंतर घरी सांगितलं जातं, “पोलीसच व्हायचंय ना, मग आर्ट्स घे. कॉलेजला जायला नको, ग्राउंड मारायला वेळ मिळतो.” शिपाई भरतीला कोणत्याही शाखेची बारावी चालते, हे खरंच आहे. पण व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित मागतात, आणि एनडीएतून हवाई दलात जायचं तरी ते लागतं. पंधराव्या वर्षी घेतलेल्या एका निर्णयानं केवढी वाट बंद होते, हे त्या वेळी त्या पोराला कुणी सांगत नाही. पुढे मुक्त विद्यालयातून हे विषय देता येतात, काही जण देतातही. पण मधे किती वर्षं जातात.

दुपारी १.३०

वडील आले. पांढरा शर्ट, हातात पिशवी, पिशवीत एक गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक. स्टाफरूममध्ये खुर्ची दिली तरी ते कडेवरच बसले.

“मॅडम, मी काही पोरीला अडवीत नाही. माझं म्हणणं दोनच गोष्टी. एक तर तिनं पोलीस भरतीवर लक्ष द्यावं, म्हणजे पायावर उभी राहील. नाही तर मग पायलटच व्हायचंय ना, तर हे बघा. तिच्या मामानं आणलंय. खालची बागायत विकतो म्हणतो मी. निळवंड्याचं पाणी आल्यापासून भाव बरा आलाय.”

निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याची वाट या भागानं दोन-तीन पिढ्या पाहिली. २०२३ च्या ऑक्टोबरात पंतप्रधानांनी शिर्डीत येऊन त्याचं जलपूजन केलं. ज्या पाण्यासाठी आजोबा मोर्चात चालले, ते पाणी आल्या आल्या जमीन विकायची. ते सहज बोलून गेले, पण माझ्या घशाशी आलं.

माहितीपत्रक मी नीट वाचलं. परवाना कसा मिळतो यातलं फार थोडं त्यात होतं, आणि पुढच्या पगाराचं फार होतं. ‘नोकरीची हमी’ असे शब्द मोठ्या अक्षरात. मी त्यांना एकेक गोष्ट सांगत गेले.

व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तासांचं उड्डाण लागतं. हवाई मार्गक्रमण, हवामान, नियम, विमानाची तांत्रिक माहिती असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे पेपर असतात. प्रत्येकात ७० टक्के मिळवावे लागतात. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा. हे सगळं झालं तरी मोठं प्रवासी विमान चालवता येत नाही. त्या एकेका प्रकारच्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण असतं, त्याला टाइप रेटिंग म्हणतात आणि त्याचा खर्चही वेगळा. सगळं धरून आकडा साठ-सत्तर लाखांपर्यंत सहज जातो. आणि एवढं करून हातात येतो तो परवाना. नोकरी कंपनी देते, तिला गरज असेल तेव्हा. परवाना खिशात घेऊन वर्षानुवर्षं थांबलेली मुलं या देशात आहेत.

“मग हे हमी म्हणून लिहिलंय ते?”

“लेखी करारात मागा. देत नसतील तर तो शब्द नाही असं समजा.”

ते गप्प राहिले. मग मी सगळ्यात महत्त्वाचं ते विचारलं.

“तिची वैद्यकीय तपासणी झालीय?”

“चांगली धडधाकट आहे की.”

धडधाकट असणं वेगळं. वैमानिकाला आधी क्लास टू आणि मग क्लास वन अशी वैद्यकीय तपासणी लागते. क्लास टू डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरांकडे होते, ते पुण्यामुंबईत आहेत. डोळे, कान, हृदय, रक्त-लघवी, सगळं बघतात. चष्मा असला तरी नागरी विमानसेवेत चालतो, दृष्टी चष्म्यानं पूर्ण झाली पाहिजे. पण रंग नीट ओळखता येत नसतील तर अडतं, कारण धावपट्टीवरचे दिवे लाल, हिरवे, पांढरे असतात आणि त्यांचा अर्थ रंगावरून लावायचा असतो. आमच्या भागातल्या एका मुलाचं मला ठाऊक आहे. घरच्यांनी आधी पैसे भरले, तपासणी मागाहून झाली, आणि त्याच्या डोळ्यांत हा दोष निघाला. भरलेला हप्ता परत मागताना त्याच्या वडिलांच्या चपला झिजल्या. ठिपक्यांच्या चित्रातला आकडा वाचायला पाच मिनिटं पुरतात. ती पाच मिनिटं आधी खर्च झाली असती, तर त्या घरावर ती पाळी आली नसती.

“मग तो पोलिसात तरी गेला असता.”

“नाही हो. रंगांधळेपणा तिथंही चालत नाही. म्हणून तर म्हणते, कुठंही जायचं असो, ही तपासणी पहिली.”

त्यांनी माहितीपत्रकाची घडी घातली. पण ते पिशवीत ठेवलं नाही, टेबलावरच राहू दिलं.

दुपारी २.२०

आता मी माझं म्हणणं मांडलं. इतकी वर्षं पोरांचे अर्ज पाहून माझं जे मत बनलंय ते एवढंच. पोलीस की वैमानिक, हा प्रश्न दोन नोकऱ्यांतला म्हणून मांडला की घरात भांडण होतं. तो वयाचा प्रश्न म्हणून मांडावा. कोणतं दार आधी बंद होतं?

वहीच्या पानावर त्यांना लिहून दिलं. एनडीए: वय साडेसोळा ते साडेएकोणीस. त्यानंतर ते दार कायमचं बंद. हवाई दलाची पदवीनंतरची परीक्षा, ॲफकॅट: उड्डाण शाखेसाठी वीस ते चोवीस. पदवीला ६० टक्के, आणि बारावीला भौतिकशास्त्र-गणित इथंही हवंच. पोलीस शिपाई: अठरा ते अठ्ठावीस, मागास प्रवर्गाला तेहेतीस. खासगी खर्चाचा नागरी परवाना: अठरा पूर्ण झाल्यावर, आणि वरच्या वयाची घाई नाही. पंचविशीत घेणारे आहेत, तिशीत घेणारेही आहेत.

“म्हणजे तुम्ही जी दोन दारं सांगताय, ती दोन्ही दहा वर्षं उघडी राहणार. आणि जे दीड-दोन वर्षांत बंद होणार, त्याचीच शेवटची तारीख आज आहे.”

“त्याला किती पैसे लागतात?”

“मुलींना फी नाही.”

त्यांनी पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा तेच सांगितलं. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या या परीक्षेला मुलांना शंभर रुपये शुल्क असतं, मुलींना माफ आहे. निवड झाली तर खडकवासल्याचं तीन वर्षांचं शिक्षण सरकारी खर्चानं होतं आणि त्यानंतरचं उड्डाणाचं प्रशिक्षणही. बागायत जागेवर राहते.

मी त्यांना भुलवलं नाही. उड्डाण शाखेत मुलींच्या जागा एका हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या असतात. गणिताचा पेपर ३०० गुणांचा आणि सामान्य क्षमतेचा ६०० गुणांचा. त्यातून तरलं तर निवड मंडळापुढे पाच दिवस. वैमानिकासाठी एक संगणकीय कल चाचणी असते, ती आयुष्यात एकदाच देता येते. आणि उंची किमान १६२.५ सेंटिमीटर लागते, शिवाय पायाची, मांडीची, बसल्या उंचीची मापं. पोलिसात मुलींना १५५ पुरते. प्रयोगशाळेच्या भिंतीवर मुलीला उभं करून पट्टी लावली. १६३ भरली, थोडी वरच. वडिलांनी स्वतः वाकून आकडा वाचला.

खडकवासल्यात मुलींना प्रवेश मिळाला तोच मुळी २०२२ मध्ये. पहिल्या तुकडीतल्या सतरा मुली २०२५ च्या मे महिन्यात बाहेर पडल्या. त्याआधी २०१६ मध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या तिघी लढाऊ विमानाच्या वैमानिक झाल्या होत्या. आणि नागरी विमानसेवेचं म्हणाल तर आपल्या मराठी सौदामिनी देशमुखांनी १९८५ सालीच फक्त स्त्रियांचा चमू असलेलं देशातलं पहिलं प्रवासी विमान नेलं. निवेदिता भसीन त्यांच्या सहवैमानिक होत्या. ही नावं मी त्या बापाला सांगितली नाहीत. त्याला शंका पोरीच्या कुवतीची नव्हतीच, पैशाची होती. नावं पोरीला सांगून झाली आहेत.

“आणि तिकडं नाहीच झालं तर?” शेवटी ते म्हणाले.

“तर अठराव्या वर्षी पोलिसाचा अर्ज आहेच की. ग्राउंड ती सोडणार नाही. दोन पन्नासला आणतेच मी तिला.”

दुपारी ४.१०

महा ई-सेवा केंद्रात गर्दी. शेवटच्या तारखेला सगळीकडे संकेतस्थळ रेंगाळतं. फोटो, सही, आधार. जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे टाकायची, दाखल्याप्रमाणे नाही, हे दोनदा बजावलं. परीक्षा केंद्र आणि पसंतीक्रम भरायचा. पहिली पसंती हवाई दल, दुसरी नौदल, तिसरी लष्कर. नौदल का, असं वडिलांनी विचारलं. नौदलाकडेही विमानं आहेत, मुलीनंच उत्तर दिलं. पाच वाजून पाच मिनिटांनी अर्ज गेला. केंद्र चालवणाऱ्या पोरानं छापील प्रतीचे दहा रुपये घेतले. एवढाच खर्च आला.

सायंकाळी ५.३०

लेखीचा तास. पोलीस भरतीच्या लेखीत गणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण आणि सामान्य ज्ञान. वेळ नव्वद मिनिटं. आज काळ-काम-वेगाची उदाहरणं घेतली. एनडीएची तयारी करणारी आणि भरतीची तयारी करणारी, मी दोघांनाही एकत्रच बसवते. पाया तोच आहे. मैदानही तेच, धावणाऱ्याला सगळीकडेच धावायचंय.

तास संपल्यावर त्या मुलीची धाकटी बहीण दाराशी उभी होती, दहावीतली. तिलाही विमानच. तिला मी एक गोष्ट सांगितली, ती इथंही लिहिते, कारण ती फार थोड्या घरांपर्यंत पोचली आहे. मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था १९७७ पासून आहे. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला २०२३ मध्ये सुरू झाली. प्रवेश दहावीनंतर, परीक्षा आणि मुलाखत देऊन. अकरावी-बारावी तिथं राहून करायची आणि सोबत एनडीएची तयारी. नाशिक आम्हाला नगरपेक्षा फार लांब नाही. थोरलीला हे दोन वर्षांपूर्वी कुणी सांगितलं नाही. धाकटीच्या हातात अजून वेळ आहे.

नागरी वैमानिकाच्या वाटेवरही सरकारी हात अगदीच नाही असं नाही. नागपूरच्या महाज्योती संस्थेनं इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलामुलींसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमधून व्यावसायिक वैमानिक प्रशिक्षणाची योजना आणली. जागा वीस. उत्तर प्रदेशात फुरसतगंजला केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी आहे, तिथं प्रवेश परीक्षेनं होतो. फी तिथंही भरावी लागते, पण निदान समोर कोण आहे ते माहीत असतं. बारामती, धुळे, गोंदिया इथं उड्डाण प्रशिक्षण चालतं. खर्च करायचाच झाला तर आधी स्वतः जाऊन हँगर बघावा. विमानं किती, त्यातली उडती किती, प्रशिक्षक किती, गेल्या वर्षी दोनशे तास पूर्ण करायला मुलांना किती महिने लागले, हे तिथल्या मुलांनाच विचारावं. आपल्याकडे म्हैस घ्यायची तरी चार वेळा पिळून बघतात.

रात्री ९.००

यजमानांची आजही रात्रपाळी. डबा भरता भरता दिवसभराचं सांगितलं. अर्ज गेला म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं. पण ‘नाही झालं तर पोलीस आहेच’ हे माझं वाक्य त्यांना खटकलं.

“असं नको सांगू पोरींना. कुठं जमलं नाही म्हणून आलेला माणूस ठाण्यात लगेच ओळखू येतो. तक्रार घेऊन आलेल्या म्हातारीला तो उभं करत नाही. त्याला वाटतं, आपण इथं फुकट अडकलो.”

त्यांचं बरोबर आहे. मी त्यावर बराच वेळ विचार केला. नगर जिल्हा क्षेत्रफळानं राज्यात सगळ्यात मोठा, चौदा तालुके. अकोले तालुक्यातल्या डोंगरावरच्या वाडीपासून जामखेडच्या माळापर्यंत माणसाला सरकार भेटतं ते बहुतेक वेळा पोलिसाच्या रूपात. त्यातही ठाण्याची पायरी चढलेल्या बाईला समोर बाई अंमलदार दिसली तर ती जे बोलते, ते एरवी बोलतच नाही. हे काम उरल्यासुरल्यांनी करण्याचं नाही.

पण दार उशिरा बंद होतं म्हणून ते दार हलकं ठरत नाही, असं मी त्यांना म्हटलं. विसाव्या-बाविसाव्या वर्षी, पदवी हातात घेऊन, दोन ठिकाणी धडपडून जी मुलगी पोलिसात येईल, ती समजून-उमजून येईल. अठराव्या वर्षी बापानं ढकललं म्हणून येणार नाही. पदवी असेल तर राज्य लोकसेवा आयोगाची उपनिरीक्षकाची परीक्षा तिला खुली राहील. ती नाही जमली तर शिपाई म्हणून लागून, नोकरी करता करता ती परीक्षा देणारे आहेतच. नाशिकच्या पोलीस अकादमीत दर तुकडीत असे जुने शिपाई असतात. यजमान डबा घेऊन दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, “मग एवढं सगळं सांग. नुसतं ‘पोलीस आहेच’ म्हणू नको.”

उद्यापासून तसंच सांगेन.

रात्री १०.३०

सराव परीक्षेचे पेपर तपासून झाले. उद्याच्या तासाची तयारी झाली की झोप. त्याआधी ज्या घरांत या दिवसांत हाच विषय चालू असेल, त्यांच्यासाठी चार ओळी लिहून ठेवते.

दहावी झालेल्या पोराला झेपत असेल तर गणित आणि भौतिकशास्त्र सोडायला लावू नका. पोलीस भरतीला त्याचा काही तोटा होत नाही. डोळ्यांची आणि रंगांची तपासणी याच महिन्यात करून घ्या, जमिनीचा विचार त्यानंतर. नोकरीची हमी कुणी तोंडी दिली तर एक रुपयाही देऊ नका. आणि साडेएकोणीसच्या आतलं लेकरू घरात असेल तर आधी एनडीएचा अर्ज भरा. तो वर्षातून दोनदा निघतो, एकदा मे-जूनच्या सुमारास आणि एकदा डिसेंबरात. मुलींना त्याची फी नाही.